दसऱ्याची खिट्टी

यंत्रं उलट उत्तर द्यायची, तेव्हाची गोष्ट. निवृत्ती मिस्त्रीच्या गॅरेजात मोटारसायकली उचलणारी तेलावरची लिफ्ट होती. तिचं तेल अडवणारं सील गळत होतं, म्हणून ती वर गेली तरी हळूहळू खाली बसायची. गाडी वर गेली की मिस्त्री लिफ्टच्या पायातल्या भोकात लोखंडी खिट्टी अडकवायचा, तेव्हा कुठे ती वर टिकायची.

दसऱ्याला मिस्त्रीने पाने, हातोडे आणि ती खिट्टीही घासूनपुसून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. लिफ्टला झेंडूची माळ घातली. तेवढ्यात दूधवाला बंद पडलेली गाडी ढकलत आला.

"पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "खाली बसून नुसतं बघतो." त्याने गाडी लिफ्टवर चढवून पेडल मारलं.

लिफ्ट हलली नाही.

"अगं, सणाचा दिवस आहे, ऊठ की!" हातोडा ओरडला.

"आधी खिट्टी, मग मी," लिफ्ट म्हणाली.

"मी आज देव आहे," खिट्टी फणकारली. "मला कुणी हात लावायचा नाही."

"माळ घातली म्हणून माझं सील गळायचं थांबलं नाही," लिफ्ट कडाडली. "मिस्त्री, लाथा घाल नाहीतर भंगारात दे. तुझ्या डोक्यावर मी बसणार नाही!"

मिस्त्रीने लाथाही घालून पाहिल्या. शेवटी पाटाला हात जोडून त्याने कुंकवासकट खिट्टी उचलली. लिफ्ट सरसर वर गेली आणि खिट्टी भोकात बसली.

पुढच्या दसऱ्याला लिफ्टचं सील नवं कोरं होतं. तरी मिस्त्री कुंकवाची वाटी घेऊन तिच्या पायाशीच बसला, कारण खिट्टी आता लिफ्टचा पाय सोडून पाटावर यायला तयार नव्हती.