तोफेच्या तोंडातलं घरटं

फार मागची गोष्ट. एका बेटावर समुद्रापलीकडच्या राजाचं राज्य होतं. तिथल्या किल्ल्यावर एक म्हातारी तोफ होती. परक्या राजाचा वाढदिवस आला की ती धडाडायची आणि बुरुजावरचे पारवे अंडी टाकून उडून जायचे. बेटावरची माणसं बंड करून उठली, तेव्हा त्यांच्यावरही तीच डागली गेली.

शेवटी परके गलबतात बसून निघून गेले. मग एका पारवीने तोफेच्या तोंडातच घरटं बांधायला घेतलं.

"इथे नको गं," तोफ म्हणाली.

"आता कुणावर डागणार तुला? राज्य आपलं झालं."

तोफेला वाद घालायचा कंटाळा आला.

वर्षाने स्वातंत्र्याचा दिवस आला. खाली पताका लागल्या आणि बेटावरचाच एक गोलंदाज तोफेची सलामी द्यायला वर आला. त्याने घरटं पाहिलं, हळूच ओढून काढलं आणि तटावर ठेवलं. पहिल्याच बाराच्या हादऱ्याने ते अंड्यांसकट समुद्रात पडलं.

धूर विरल्यावर पारवी परतली. "आज तरी गप्प राहायचंस, बाई."

"तेव्हा त्यांच्यासाठी ओरडले, आज तुमच्यासाठी," तोफ थकून म्हणाली. "मला तेव्हाही कुणी विचारलं नाही आणि आजही नाही."

खाली लोक टाळ्या वाजवत होते. तोफेचं तोंड निवेपर्यंत पारवी तिथेच बसून राहिली. मग काडी शोधायला उडाली.