पन्नासावे रोप

तारीख बावीस एप्रिल, वसुंधरा दिन. दुपारी तीन वाजता पारा त्रेचाळीस अंशांवर होता. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता आणि वारा पडलेला होता. खडकडोह गावची कुत्रीसुद्धा रस्ता सोडून पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसली होती.

अशा दिवशी त्या गावात एक गायिका आली. तिचे नाव ऋजुता उबाळे, वय एकोणतीस. तिची गाणी वरातीत वाजत, ट्रॅक्टरवर वाजत आणि जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असत. एवढे नाव झाल्यावर तिने एक संकल्प केला. पन्नास गावांत उघड्यावर कार्यक्रम करायचे, तापत चाललेल्या पृथ्वीची गाणी गायची आणि प्रत्येक गावात शेवटी लोकांसमोर एक रोप लावायचे.

हे ती मनापासून करत होती. "उन्हाळा लांबतोय, पाऊस लहरी झालाय. हवामान असं बिघडलं ते माणसामुळं. मग सावरायचंही माणसानंच," असे ती म्हणे आणि गाऊ लागे. म्हातारीकोतारीसुद्धा टाळ्यांनी ठेका धरत. मग रोप, पाणी, फोटो, गाडी आणि पुढचे गाव.

एकोणपन्नास गावे झाली होती. खडकडोह हे पन्नासावे. शहरातली एक संस्था तिला 'हरितकंठ' हा किताब देणार होती. संस्थेचे दोन गृहस्थ सन्मानचिन्ह घेऊन पहिल्या रांगेत बसणार होते. अट एकच होती. पन्नासावे रोप मातीत गेले की किताब तिच्या हातात. ऋजुताने आईला सांगून ठेवले होते, "आज संध्याकाळी टीव्ही लाव."

चार वाजता सरपंच भुजंगराव तिला रोपाची जागा दाखवायला घेऊन गेले. शाळेच्या मैदानाच्या कडेला एक खड्डा होता. गोल, नेटका, काठाला गेरू आणि चुन्याचे पट्टे. भोवती एक बाई रांगोळी काढत होती.

"कसा वाटला खड्डा, मॅडम?"

"फारच सुंदर. कधी खणला?"

"अकरा वर्षं झाली."

ऋजुता हसली. तिला वाटले, थट्टा आहे. भुजंगराव मात्र गंभीर होते.

"हा सगळा मुरूम आहे, मॅडम. पहार मारली की ठिणगी उडते. हा एक खड्डा खणायला चार गडी दोन दिवस राबले. म्हणून एकच खणला, पण नामी खणला. दर बावीस एप्रिलला कुणी ना कुणी मोठा पाहुणा येतो आणि ह्याच्यात झाड लावतो. नवा खड्डा खणायची कटकटच नाही."

"मग ती झाडं कुठं आहेत?"

भुजंगरावांनी खड्ड्याकडे पाहिले. मग आभाळाकडे पाहिले. "ऊन कडक आहे ना आपल्याकडचं."

रांगोळी काढणारी बाई फिस्सकन हसली. ती केवळाबाई, शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. "अकरा गिळलेत ह्या खड्ड्यानं. तुमचं बारावं, बाई. पण फोटू झ्याक येतो बरं का. उजेड समोरून पडतो."

"केवळाबाई! पाहुण्यांसमोर काय बोलावं काही आहे की नाही?"

"पाहुण्यांनीच इचारलं की!"

कुसळ रुतावे तसा तो हिशेब ऋजुताला टोचू लागला. एकोणपन्नास गावांत तिने रोपे लावली होती. त्यांतल्या एकाची तरी चौकशी तिने केली होती का? एकाचीही नाही.

तिचे कार्यक्रम ठरवणारा ऋत्विक मंचामागे उभा होता. तिने त्याला मनातले सांगितले.

"आत्ता?" तो म्हणाला. "ऋजू, बाहेर दोन हजार माणूस बसलंय. गा, रोप लाव, किताब घे. चौकशी उद्या करू."

"आणि उद्या कळलं, एकही जगलं नाही, तर?"

"म्हणून तर उद्या म्हणतोय!"

पाच वाजता शाळेच्या इमारतीची सावली मैदानावर पसरली आणि कार्यक्रम सुरू झाला. ऋजुता झकास गायली. "उन्हा, उन्हा, हळू चाल रे, माझ्या आईचे पाय पोळती" या ओळीला बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि पुढच्याच गाण्याला त्याच बायका उठून नाचल्या. दोन तास कसे गेले कुणाला कळले नाही.

मग ती करंजाचे रोप हातात घेऊन मंचावरून खाली उतरली. संस्थेचे गृहस्थ सन्मानचिन्ह सावरत उठले. शेकडो फोन वर झाले. ऋजुता खड्ड्याशी गुडघे टेकून बसली आणि तिने आत पाहिले. तळाशी बोटभर वाळकी काडी होती. गेल्या वर्षीची. तिला बांधलेली लाल फीत अजून तशीच होती.

ती उठून उभी राहिली.

"जरा थांबा," ती माइकमध्ये म्हणाली. "आधी एक फोन करते."

तिने फोन माइकशी धरला. पहिला फोन पळसवाडीला.

"काका, मी ऋजुता उबाळे. मी लावलेलं झाड कसं आहे?"

"कोण? ऋजुताताई? अरे वा! झाड ना... ते बकरीनं खाल्लं, ताई. पण बकरी एकदम ठणठणीत आहे!"

मैदान खदखदून हसले. तिने दुसरा फोन बोरखेडीला लावला.

"झाड एकदम सुरक्षित आहे, मॅडम. ऑफिसात ठेवलंय."

"ऑफिसात? अहो, मी ते मातीत लावलं होतं!"

"तुम्ही गेल्यावर काढलं. पुढच्या पाहुण्याला लागंल म्हणून."

भुजंगरावांनी तोंडाला उपरणे लावले. तिसऱ्या गावात रोप वाळले होते. चौथ्या गावात ज्याने त्याने फोन दुसऱ्याच्या हाती दिला आणि शेवटी तो बंद झाला. पाचव्या गावात केस कापणारा एकजण बोलला.

"आहे की! माझ्या दुकानासमोरच आहे. गिऱ्हाइकाचं तोंड धुतलेलं पाणी रोज त्यालाच घालतो. गुडघ्याएवढं झालंय, ताई. तुम्ही कधी येताय बघायला?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ऋजुताही हसली. मग हसता हसता थांबली.

"पाच फोन केले, एक जगलं," ती म्हणाली. "आणि ते त्या दादांनी जगवलं, मी नाही. मी गावोगाव सांगत फिरले की पृथ्वी वाचवा. आणि भर उन्हाळ्यात, फोटो छान येतो म्हणून, पाणी घालणारं कुणी आहे का हे न विचारता रोपं लावत गेले. आज हेही लावलं, तर महिन्याभरात त्याची काडी होईल. मी हे लावणार नाही."

संस्थेच्या गृहस्थांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांतले थोरले हळूच म्हणाले, "पण मॅडम, नियमाप्रमाणे पन्नासावं रोप लागल्याशिवाय..."

"कळलं, काका. किताब परत न्या."

ऋत्विकने कपाळाला हात लावला. भुजंगरावांचा चेहरा उतरला. "मॅडम, गावाची लाज गेली हो."

"गावाची नाही, दादा. माझी. तुम्ही खड्ड्याचं वय खरं सांगितलंत. मी तर लावलेल्या रोपांचं कुठल्याच गावाला विचारलंही नव्हतं." मग ती मागे वळली. "केवळामावशी, इकडं या. झाड जगतं कसं, ते तुम्ही सांगा."

केवळाबाई पदराला हात पुसत आली. माइक तोंडाजवळ येताच तो किंचाळला आणि ती दोन पावले मागे सरली. सगळे हसले. तिने माइकला डोळे वटारले आणि बोलू लागली.

"मी काय शिकलेली हाय का? शाळेमागं कडुलिंब हाय, तो बघा. मी त्यो लावला न्हाई. तांदूळ धुतलेलं पाणी रोज तिथं टाकते, तर तो आपला आपण उगवला. झाड पाहुण्याला वळखत न्हाई, बाई. रोज येणाऱ्याला वळखतं. तवा मोरीचं पाणी जिथं जातं, तिथं लावा. आन् आषाढात लावा, जमीन भिजली की. ह्या उन्हात माणूस टिकंना, रोप काय टिकंल?"

"ऐकलंत?" ऋजुता म्हणाली. "दोन तास गायले, त्यात एवढं नव्हतं. आता माझं ऐका. आषाढात मी परत येते. मंच नको, मांडव नको. ज्या घराच्या मोरीजवळ खड्डा खणलेला असेल, त्या घराच्या दारात मी एक गाणं गाईन."

"कोणतं गाणं?" मागून कुणीतरी ओरडले.

"तुमच्या फर्माइशीचं!"

"मग मी तीन खड्डे खणतो!"

"आधी पहार तर उचला!" त्याच्या बायकोने बायकांच्या घोळक्यातून आवाज दिला. "एक जगवलं तरी पुष्कळ!"

त्या हशात कार्यक्रम संपला. करंजाचे रोप केवळाबाईने खिचडीच्या खोलीच्या सावलीत नेऊन ठेवले.

पुढच्या आठवड्यात ऋजुताने उरलेल्या गावांना फोन केले. एकोणपन्नासांपैकी सात रोपे जिवंत होती. तिने त्या सातांची आणि मेलेल्या बेचाळीसांची यादी आपल्या नावानिशी जाहीर केली. काहींनी तिची टर उडवली. काहींनी तिच्या गाण्यांना नावे ठेवली. तिने कुणालाही उलट उत्तर दिले नाही.

आषाढात ती आली. मुरमाची जमीन भिजून थोडी हलकी झाली होती, तरी पहारी वाजतच होत्या. चौसष्ट घरांच्या मोरीजवळ खड्डे तयार होते. ती तीन दिवस दारोदार गायली. एका आजीने पाळणा मागितला, एका घरात भांडणाचे गाणे मागितले गेले. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला, तेव्हा उरलेल्या सहा घरांत तिने ठेका धरला आणि घरच्यांनीच गाणी म्हटली. रोप मात्र तिने एकही लावले नाही. जी बाई किंवा जो बाप्या रोज मोरीत भांडी घासतो, त्याच्याच हाताने रोपे लावली गेली.

पुढच्या बावीस एप्रिलला खडकडोहात पारा चव्वेचाळीस अंशांवर होता. त्या दिवशी केवळाबाई आणि भुजंगराव यांनी घरोघर जाऊन मोजणी केली. चौसष्टांपैकी एक्कावन्न रोपे जिवंत होती. 'हरितकंठ' हा किताब दुसऱ्या एका गायकाला देण्यात आला.

तात्पर्य: चांगल्या कामाचा गाजावाजा एका दिवसात होतो, पण चांगले काम रोज करावे लागते, म्हणून जगाला शहाणपण सांगणाऱ्याने आपण सुरू केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे आधी विचारावे आणि जे उत्तर येईल ते चारचौघांत मान्य करावे.