मैनीचं पहिलं करडू

हे बाहेर सांगायचं नाही, असं द्वारकाआत्याने मला बजावलंय. मी तशीही फारशी कुणाशी बोलत नाही. म्हणून लिहून ठेवते.

“मग ती त्याला चाटत का नाही?”

आत्याने तिसऱ्यांदा विचारलं. रेवणगीर बुवा मठीच्या ओट्यावर बसून समईच्या वाती वळत होते.

अंगणात मैनी उभी होती. आत्याची शेळी, पहिल्यांदाच व्यालेली. करडू ओलंचिंब पडलं होतं. उठू बघायचं आणि गुडघ्यांवर कोसळायचं. मैनी मात्र पाठ फिरवून बाभळीच्या शेंगा खात होती.

आत्याने करडाला मीठ चोळलं. मैनीने मीठ तेवढं चाटलं आणि बाजूला झाली.

आत्याने तिचे पाय धरून करडाचं तोंड सडाला लावलं. मैनीने लाथ झाडली.

“बुवा, चीक पोटात गेला नाही तर संध्याकाळ नाही बघायचं हे... जाऊ दे, मी काढून बाटलीनेच पाजते.”

“मैनीला तसंच पाजलं होतंस ना?”

“तर!” आत्याचा आवाज चढला. “आई मेली तेव्हा दोन दिवसांची होती ही. घड्याळ लावून पाजलं. एक वेळ चुकवली नाही.”

“अंग चोळायचीस तिचं?”

“ते कशाला? पोट भरत होतं की.”

बुवांनी एक वात संपवली.

“घरी भावाची पोर आणलीस. तिचं कसं चाललंय?”

“तिला काय कमी आहे? ताट वेळेवर, फी वेळेवर.”

मी पायरीवरच बसले होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

“मला तरी कुणी काय केलं?” आत्या म्हणाली. “आई मला जन्म देऊन गेली. चार घरांत वाढले. कुणाच्या मांडीवर कधी डोकं टेकलं नाही. अडलं का काही? माया म्हणून मला ठाऊकच नाही, बुवा. म्हणून तर म्हणते, आता माळ घाला मला, दीक्षा द्या. सात वर्षं सेवा केली.”

...

बुवा उठले. चुलीवरच्या कोमट पाण्यात त्यांनी फडकं बुडवून पिळलं.

आत्याने घाईने करडू उचलून पुढे केलं.

बुवा तिच्याजवळून तसेच पुढे गेले. मैनीपाशी बसले आणि तिचं कपाळ पुसायला लागले. मग कानांमागे. मग मान. मग पाठीवरून शेपटीपर्यंत, सावकाश.

“बुवा, करडू इकडे आहे!”

“दिसतंय.”

“अहो, मग तिला काय पुसताय?”

मैनीने आधी अंग चोरलं. तिची कातडी थरथरली. मग तोंडातली शेंग खाली पडली.

बुवांनी फडकं आत्याच्या हातात दिलं.

आत्या पुसू लागली.

“द्वारके, हळू. भांडं नाही ते.”

आत्याचा हात थांबला. पुन्हा चालू झाला. या वेळी हळू.

करडू बारीकसं ओरडलं. मैनीचा एक कान तिकडे वळला... पण ती जागची हलली नाही.

“आणि माझ्या माळेचं?” आत्याने खाली बघतच विचारलं.

बुवा पुढे झाले आणि तिच्या केसांत अडकलेली गवताची काडी काढायला हात नेला.

आत्या झटकन मागे सरली. तिने अंग चोरलं, अगदी मैनीसारखं.

“हलू नकोस,” बुवा म्हणाले. “आधी तुझं होऊ दे, माळ मग.”

...

आत्या उभी राहिली. काडी केव्हाच निघाली होती, तरी उभीच होती. तेवढ्यात मैनीने मान वळवली, करडाच्या कानाशी नाक नेलं, हुंगलं, आणि मग तिची जीभ त्याच्या अंगावर...

थांबते. आत्या हाक मारतेय. तेलाची वाटी घेऊन उंबऱ्यात बसलीय. “ये गं, आज भांड्यासारखं नाही घासणार,” म्हणतेय, आणि मी वही मिटून...