रद्द की उशीर?

नागपूरच्या विमानतळावर प्रमिलाताई वानखडे हबकल्याच! संध्याकाळी पुण्यात भाचीचं लग्न, आणि सकाळचं विमान म्हणे उद्या सकाळी सुटणार.

“मग पैसे परत द्या. मी दुसऱ्या विमानानं जाते.”

“विमान रद्द झालं तरच पैसे परत मिळतात, बाई. याला फक्त उशीर झालाय,” काउंटरवरचा विमान कंपनीचा मॅनेजर ऐटीत म्हणाला.

“चोवीस तासांचा उशीर?” ताई उसळल्या. तेवढ्यात त्यांना त्याच्या डोक्यावरची पाटी दिसली: ‘रात्रभर उशीर झाल्यास प्रवाशांच्या जेवणाचा व हॉटेलचा खर्च कंपनी करेल.’

ताई मागच्या प्रवाशांच्या रांगेकडे वळल्या. “चला हो, नव्वदच्या नव्वद जण! आजचा मुक्काम साहेबांकडे!”

मॅनेजर पांढराफटक पडला. “अहो, विमान रद्दच झालं असं समजा ना!”

“नुसतं समजून काय करू?” ताईंनी कागद पुढे सरकवला. “लिहून द्या.”