डोलीत बसलेले वैद्य

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत राहत होते. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. पायथ्याच्या गावात एका व्यापाऱ्याची जीप होती. आजाऱ्याला तालुक्याच्या रुग्णालयात न्यायचे तर तीच एक सोय.

वाडीतल्या गेनूची बायको हौसा तेव्हा गरोदर होती. मागच्या बाळंतपणात तिचे फार रक्त गेले होते, ते भरून येण्याआधीच पुन्हा दिवस राहिले. चार पावले चालली तरी तिला धाप लागे. वैद्यांनी तिला रुग्णालयात नेऊन तपासून आणले, रक्तवाढीच्या गोळ्या सुरू करवल्या आणि नववा महिना लागताच तिने तालुक्याला मावशीकडे राहायला जावे असे ठरवून दिले. करण्यासारखे सर्व झाले, असे शिष्याला वाटले.

मग एके सकाळी वैद्य चार तरुणांना आणि बांबूची डोली घेऊन हौसाच्या अंगणात आले आणि स्वतःच डोलीत बसले.

"चला, मला रुग्णालयात न्या."

"आपल्याला बरं वाटत नाही का?" शिष्य घाबरून म्हणाला.

"मी ठणठणीत आहे. पण आज मी हौसा आहे असं समजा. मला रक्त जातंय."

अंगणात हशा पिकला. हौसाही पदराआड हसली. वैद्य मात्र गंभीर होते. त्यांनी तिच्या सासूला विचारले, "गेनू कुठाय?"

"बाजाराला गेलाय."

"मग मला न्यायचं की नाही, हे कोण सांगणार?"

"तो आल्यावर बघू की."

"आणि तोवर मी इथंच पडून राहू?"

हसू थांबले. म्हातारीने सुनेकडे पाहिले. तिच्या फिकट चेहऱ्यावर नजर जरा रेंगाळली. मग ती हळूच म्हणाली, "न्या. कुणाची वाट बघू नका. मी सांगते, न्या."

डोली निघाली. उतारावर जुना बांबू कडकन वाजला. पुढे दोन खडकांमधल्या अरुंद वाटेत डोली अडकली आणि वैद्यांना उतरून चालावे लागले. "हौसाला असं उतरता येणार नाही," एवढेच ते म्हणाले. पायथ्याला जीप दारात उभी होती, पण किल्ली व्यापाऱ्याच्या खिशात आणि व्यापारी शेतावर. त्याला बोलावून आणले तर डोलीत धडधाकट माणूस पाहून तो भडकला.

"आजारी कुणी नाही आणि माझं काम खोटी केलंत!"

वैद्यांनी हात जोडले. "शेठ, आजारी कुणी नाही म्हणूनच आज आलो. ज्या दिवशी असेल, त्या दिवशी किल्ली शोधायला वेळ नसेल."

व्यापाऱ्याने खिशातली किल्ली काढून हातात धरली. म्हणाला, "यापुढे किल्ली घरीच ठेवीन. मी नसलो तर माझा भाऊ गाडी काढील."

परतताना शिष्य धुसफुसत होता. सबंध दिवस फुकट गेला आणि लोकांत हसे झाले ते वेगळेच. दुसऱ्या दिवशी वैद्यांनी तरुणांकडून नवा बांबू तोडवून आणला आणि वाटेतले खडक फोडून घेतले.

आठवा महिना सरत आला असताना, एका दुपारी, हौसाला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला. गेनू घरी नव्हता. सासूने अंगणात येऊन एकच हाक दिली आणि डोली उचलली गेली. शिष्य बरोबर धावत होता. खडकांपाशी कोणी थांबले नाही. व्यापाऱ्याच्या भावाने जीप काढून ठेवली होती, कारण पुढे धावत गेलेल्या तरुणाने नुसते नाव सांगताच त्याला सारे उमगले होते. रुग्णालयात रक्त चढवले, शस्त्रक्रिया झाली. मूल अशक्त जन्मले, त्याला काही दिवस उबेत ठेवावे लागले, पण जगले. गेनू धापा टाकत पोहोचला तेव्हा हौसा शुद्धीवर येत होती. तिने आधी मुलाचे विचारले.

शिष्य वाडीत परतला तो थेट वैद्यांपुढे बसला. "हे असं होणार, हे आपण कसं ओळखलंत?"

"मी काहीच ओळखलं नव्हतं," वैद्य म्हणाले. "धोका कुणाला अधिक आहे, एवढं तपासून कळतं. तो कोणत्या दिवशी समोर येईल, हे मला कळत नाही आणि तुलाही कळणार नाही. गोळ्यांनी अंगात रक्त वाढतं, तेवढा बाईला तग धरता येतो. पण कुणाला विचारायचं, कशातून न्यायचं, गाडी कोण काढील, याचा विचार रक्त जाऊ लागल्यावर सुरू केला, तर तो सारा वेळ तिच्या जिवातून जातो. मला तो विचार रक्त जाण्याआधीच करून ठेवायचा होता."

शिष्य म्हणाला, "वरच्या अंगाच्या घरातली चंद्रा पोटुशी आहे. हौसाला नेलं त्या सकाळी तिचे पाय आणि चेहरा सुजलेले दिसले. डोकंही दुखतंय म्हणाली. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते, तरी मी ते ऐकून तसाच पुढं आलो."

"आणि आता?"

शिष्य उठला होता. वैद्यांनी कोनाड्यातून रक्तदाब मोजायचे यंत्र काढले आणि त्याच्या हाती दिले.