टेकाडावरचा खळगा

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ राज्यात काठीने चेंडू टोलवत खळग्यात घालायचा खेळ होता. राजापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांना त्याचं वेड! सुगी संपली की माळावर जत्रा भरायची. रीत अशी, की शेवटच्या खळग्यात कुणाचा तरी चेंडू पडल्याशिवाय जेवणाच्या हंड्यांवरची झाकणं उघडायची नाहीत.

खळगे तयार करणारा कारागीर मोठा डोकेबाज. एका वर्षी त्याने लाकडी बेडूक केला. चेंडू बेडकाच्या तोंडात शिरायचा, पाठीमागून निघायचा आणि टुपकन खळग्यात! लोक हसून लोळले. वर्षभर सगळे विचारत राहिले, "पुढच्या जत्रेला काय रे?" आणि ते कौतुक बिचाऱ्याच्या डोक्यात गेलं.

पुढच्या जत्रेला त्याने शेवटचा खळगा नेला थेट टेकाडाच्या टोकावर. भोवती चिखलाचा चर, तोंडाशी गरगर फिरणारं लाकडी चक्र!

"बघू कुणाला जमतंय!" तो टाळ्या पिटत म्हणाला.

पहिला चेंडू सुटला. चढला, चढला... आणि घरंगळत खाली! माळभर हशा पिकला. दुसराही खाली आला. मग राजाने बाह्या सरसावल्या. त्याचा चेंडू चरात बुडाला. हळूहळू हसू थांबलं. ऊन कललं, पोरं भुकेने रडू लागली. एकेकाने काठी खाली ठेवली.

"थांबा, मी दाखवतो," म्हणत कारागीर पुढे आला. चक्राने त्याचा चेंडू उडवून चरात फेकला. त्याने पुन्हा मारला, पुन्हा तेच. लाजेने त्याला मान वर करवेना.

तेव्हा एक म्हातारी काठी टेकत उठली. "लेका, बेडूक केलास तेव्हा तू आमच्याबरोबर हसत होतास. आज आम्हाला हसायला बसला होतास."

कारागिराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने फावडं उचललं, टेकाडाच्या पायथ्याशी नवा खळगा खणला आणि जुना बेडूक आणून त्याच्यापुढे बसवला.

म्हातारीने पहिला टोला मारला. चेंडू बेडकाच्या ओठावर आपटून परत आला.

"आजी, आणखी एकदा!" अख्खा माळ ओरडला. राजाही ओरडला!

म्हातारीने पदर खोचला, नेम धरला आणि... टुपकन! काय तो जल्लोष! हंड्यांची झाकणं उघडली. रात्री सगळे पोटभर जेवून घरी गेले, आणि टेकाडावरच्या खळग्यात पुढे गवत उगवलं.

म्हणून सांगतो बाळांनो, खेळ एवढाच अवघड असावा, की हरलेल्याचाही हात पुन्हा काठीकडे जावा.