पाटी लागलेली लेक

फार वर्षांपूर्वी, विद्यापीठाची बाग नुकतीच लावली होती तेव्हा, तिथल्या कुंपणाशी एक रानतुळस दोन लेकींना घेऊन राहायची. बागेतल्या बड्या झाडांपुढे नावाच्या पाट्या होत्या. आपल्या लेकींना पाटी कधी मिळणार, या काळजीनं ती सुकत चालली होती.

एकदाची प्रोफेसरसाहेबांनी थोरलीपुढे पाटी ठोकली. रानतुळस शेजारच्या कोरफडीला म्हणाली, "बघ गं, माझी पोर मार्गी लागली."

"पाटी लागली की वर्ग येतो, बाई."

"तुला बघवत नाही, एवढंच."

वर्ग आला. साहेब म्हणाले, "निसर्ग हाताळून शिका." हुशार मुलांनी एकेक पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं आणि टाकून दिलं. शेवटच्याला पान उरलं नाही, म्हणून त्यानं रोपच उपटून मूळ पाहिलं. मुलं निसर्गाच्या इतकी जवळ गेलेली बघून साहेबांना भरून आलं. पाटी मात्र जागची हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब नवी पाटी घेऊन धाकटीकडे वळले. रानतुळशीनं आपल्या फांद्या तिच्यावर पसरल्या आणि हळूच म्हणाली, "कोरफडताई, तुझे काटे जरा इकडे कर गं."